बीपीची गोळी मधेच का सुटते? ऊसतोड, उपास, उन्हाळा आणि लकवा

बालाघाटी

मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मेडिकल चालवतो. दसरा झाला की आमच्याकडं ऊसतोडीच्या टोळ्या साखर कारखान्याला निघायची गडबड सुरू होते. कुणी पश्चिम महाराष्ट्रात, कुणी कर्नाटकात, पाच-सहा महिन्यांसाठी. त्या दिवसांत माझ्या दुकानातून अंगदुखीच्या गोळ्या, मलम, लेकरांची तापाची औषधं भरभरून जातात. बीपीच्या गोळ्या मात्र कुणी जास्तीच्या नेत नाही. उन्हाळ्याच्या तोंडाला माणसं परत येतात तेव्हा कुठल्या तरी घरात एक जण खाटेवर असतो. विचारलं तर एवढंच सांगतात, "फडातच अंगावरून वारं गेलं."

बीपी आहे हे ज्यांना माहीतच नाही असे लोक भरपूर आहेत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ वर्षांवरच्या पुरुषांपैकी २४ टक्के आणि बायकांपैकी २१ टक्के लोकांचा बीपी वाढलेला होता किंवा त्यांना गोळी चालू होती. पण मला आज दुसऱ्याच लोकांबद्दल बोलायचं आहे. बीपी सापडला, गोळी लिहून दिली, काही दिवस घेतली आणि मग सुटली. यांचा लकवा टाळता येण्यासारखा असतो, म्हणून जास्त जीव तुटतो.

काउंटरवर दिसतं ते सांगतो. गिऱ्हाईक येतं, शर्टाच्या खिशातून कापलेली पट्टी काढतं. त्यात दोन गोळ्या उरलेल्या, एक्सपायरीचा कोपरा आधीच कापून गेलेला. "ह्याच्यातल्या चार द्या." चिठ्ठी नाही, नाव माहीत नाही, कशाची गोळी म्हटलं तर "बीपीची". चार दिवसांनी परत येतीलच असं नाही. मागं एक मावशी आल्या होत्या, दोन पट्ट्या घेऊन. एक सरकारी दवाखान्यातली, एक खाजगीतली. दोन कंपन्या, दोन रंग, आत औषध एकच, टेल्मिसार्टन ४०. त्या दोन्ही रोज घेत होत्या. उठल्यावर डोळ्यांपुढं अंधारी यायची, म्हणून "गोळी सोसत नाही" असं ठरवून दोन्ही बंद करायच्या विचारात होत्या. मी त्यांना पट्ट्यांसकट डॉक्टरांकडं पाठवलं.

तुमच्या गावात, घरात गोळी नेमकी कुठं सुटते? डॉक्टर, नर्स, आशाताई कुणी वाचत असतील तर त्यांनीही लिहावं.

डॉ_गोदाकाठ

चांगला विषय काढलात. मी नांदेडकडे फिजिशियन आहे. माझ्या ओपीडीत सगळ्यात जास्त ऐकू येणारं वाक्य म्हणजे "काही त्रासच नाही, मग गोळी कशाला?"

बीपीला बहुतेकांच्या बाबतीत लक्षण नसतं. डोकं दुखणं, चिडचिड, चक्कर यावर बीपी ओळखता येत नाही. वरचा आकडा १८० असलेला माणूस माझ्यासमोर बसून पाऊसपाण्याच्या गप्पा मारतो. त्याला खरंच काही होत नसतं. आत मात्र मेंदूच्या खोल भागातल्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंती वर्षानुवर्षं जाड आणि कडक होत जातात. त्यातली एखादी बंद पडते किंवा फुटते. बंद पडली तर त्या भागाचं रक्त तुटतं, फुटली तर मेंदूत रक्त साचतं. दोन्हीला आपण लकवाच म्हणतो. बंद पडण्याचं प्रमाण पुष्कळ जास्त, पण फुटण्यामागं वाढलेला बीपी हे सगळ्यात मोठं कारण. मानेतल्या मोठ्या रक्तवाहिनीत साचलेली चरबी, हृदयाचे अनियमित ठोके, शुगर, तंबाखू ही कारणं त्यात भर घालतात.

आकडे एकदा नीट सांगतो. दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी मोजून वरचा १४० किंवा जास्त, नाहीतर खालचा ९० किंवा जास्त येत असेल तर तो वाढलेला बीपी. घरी मोजताना हीच रेघ १३५ आणि ८५ ला धरायची. गोळी चालू असताना १४०/९० च्या खाली राहिलंच पाहिजे. शुगर आहे, आधी लकवा किंवा हृदयविकार होऊन गेलाय, अशांना सोसत असेल तर १३०/८० च्या खाली आणतो. वरचा आकडा १० ने उतरवला तरी लकव्याचा धोका साधारण पाव हिश्श्याने कमी होतो. एवढा फायदा देणाऱ्या आणि इतक्या साध्या गोळ्या वैद्यकात फार नाहीत.

आणि "बीपी नॉर्मल आला म्हणून गोळी बंद केली" याबद्दल. तो नॉर्मल आला गोळीमुळं. गोळीचा अंमल साधारण दिवसभराचा. थांबवली की काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत आकडा पुन्हा जुन्या जागी जातो. अ‍ॅटेनोलॉल, मेटोप्रोलॉल किंवा क्लोनिडीनसारखी गोळी एकाएकी बंद केली तर तो उसळी मारून वर जातो, त्या तर स्वतःच्या मनानं थांबवूच नयेत.

गोळीची सवय लागते ही भीतीही मनातून काढा. सवय म्हणजे व्यसन, तसं यात काही नाही. आजार राहतो म्हणून गोळी राहते. वजन उतरलं, मीठ-दारू कमी झाली, रोजचं चालणं वाढलं तर गोळी कमी करता येते, काहींची बंदही होते. पण ते मोजून, डॉक्टरांच्या नजरेखाली.

फडकरी

दादा, डॉक्टरसाहेब, राम राम. आमचं घर केजकडचं. आई-दादा दोघं कोयत्यावर जायचे, आता मी अन् माझी मंडळी जातो. मला बीपीची गोळी लागून झालं दोन-एक सीझन.

आमचा दिवस कसा असतो ते सांगतो. पहाटं अंधारात उठायचं, भाकरी बांधायची, फडात जायचं. दुपारपर्यंत तोडायचं, मोळ्या बांधायच्या. गाडी कधी येईल त्याचा नेम नाही. रात्री अकराला आली तर अकराला भरायची, दोनला आली तर दोनला. डॉक्टर म्हणले "सकाळी नाष्ट्यानंतर एक". आमच्यात नाष्टा कुठला हो? चहा अन् तंबाखूची चिमूट. गोळी खोपीत पेटीत राहती, माणूस फडात. चार दिवस राहिली की मग वाटतं आता चालू करून तरी काय.

दवाखान्यात जायचं तर खाडा. खाडा झाला की पैसे कटतात, उचल फिटत नाही. अंग दुखलं तर जवळच्या गावात कुणीतरी सुई मारतो, गोळ्या देतो, त्यावर दिवस निघतो. रोज एक दुखण्याची गोळी खाणारे आमच्या टोळीत लई जण आहेत. त्याचा बीपीवर काही परिणाम होतो का? अन् गोळी कधी घेतली तर चालंल?

डॉ_गोदाकाठ

फडकरी दादा, फार मोलाचं लिहिलंत. तुमच्या दोन्ही प्रश्नांना सरळ उत्तरं देतो.

अ‍ॅम्लोडिपीन, टेल्मिसार्टन यांना नाष्ट्याची गरज नाही. उपाशीपोटी, जेवून, सकाळी, रात्री कधीही चालतात. फक्त रोज साधारण एकच वेळ धरा. तुमच्या दिवसात जी गोष्ट कधीच चुकत नाही तिच्याशी गोळी बांधा. पहाटेचा चहा चुकत नसेल तर चहाच्या वेळी. पट्टी पेटीत न ठेवता चहा-साखरेच्या डब्यापाशी ठेवा. सकाळी राहिली तर आठवेल तेव्हा त्याच दिवशी घ्या. दुसऱ्या दिवशी मात्र दोन घेऊन भरपाई करायची नाही. चार दिवस राहिली तरी पाचव्या दिवशी नेहमीची एक घेऊन पुढं चालू ठेवा. एवढं अ‍ॅटेनोलॉल किंवा क्लोनिडीनसारख्या गोळीला लागू नाही. ती काही दिवस सुटली असेल तर विचारूनच सुरू करा.

दुखण्याच्या गोळीचा परिणाम होतो, आणि चांगलाच होतो. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅसिक्लोफेनॅक या गोळ्या शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतात, बीपी वाढवतात, टेल्मिसार्टनचा जोर कमी करतात. उन्हात घाम गाळून पाणी कमी पडलेलं असताना मूत्रपिंडालाही घातक ठरतात. पाठ-खांदा दुखतच असणार, ते नाकारत नाही. अधूनमधून पॅरासिटामॉल त्यामानानं बरी, पण तीही रोज लागत असेल तर दाखवा. सुईवाल्याच्या सुईत स्टिरॉइड असेल तर बीपी आणि शुगर दोन्ही वर जातात. कसली सुई आहे ते विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

उपकेंद्रावरची_ताई

मी समुदाय आरोग्य अधिकारी (सीएचओ), परभणी जिल्ह्यात एका उपकेंद्रावर. आता फलकावर आयुष्मान आरोग्य मंदिर लिहिलंय, लोक अजून उपकेंद्रच म्हणतात.

तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा बीपी आणि शुगर तपासणं हे आमचं नेमून दिलेलं काम आहे. आशाताई घरोघरी जाऊन अर्ज भरतात. बायका येतात, पुरुष येत नाहीत. "मला काय झालंय?" म्हणून पारावर बसून राहतात. म्हणून आम्ही मशीन घेऊन पारावरच जातो.

मोजण्याबद्दल मला लिहायचंच होतं, कारण चुकीच्या मोजणीनंही गोळी सुटते. माणूस उन्हातून चालत येतो, तोंडात तंबाखू, बसल्या बसल्या बाही वर गुंडाळून दंडाला आवळलेली, एकीकडं शेजारणीशी बोलणं चालू. मग आकडा येतो १६४. दुसरीकडं तोच माणूस निवांत बसल्यावर १३२. तो म्हणतो, "ही मशीन खोटी, ती गोळी पण खोटी." त्याचं काय चुकलं? म्हणून मी आधी बसवते. पाठीला भिंत किंवा खुर्चीचा आधार, पाय जमिनीवर टेकलेले, पायावर पाय नाही. पाच मिनिटं गप्प. लघवी लागली असेल तर आधी जाऊन यायचं. त्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, विडी, मिशरी काही नाही. बाही गुंडाळायची नाही, हातच काढून घ्यायचा. हात टेबलावर, पट्टा छातीच्या उंचीला. एक-दोन मिनिटांच्या अंतरानं दोनदा मोजते आणि दोन्ही आकडे वहीत लिहिते. ज्यांचे दंड जाड आहेत त्यांना मोठा पट्टा लागतो, लहान पट्ट्यानं आकडा उगाच वर दिसतो. घरी मशीन घ्यायची असेल तर दंडावरची घ्या, मनगटावरची नको.

गोळ्यांचं म्हणाल तर प्राथमिक आरोग्य केंद्रात अ‍ॅम्लोडिपीन आणि टेल्मिसार्टन फुकट मिळतात. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत तर १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरपासून सगळंच मोफत आहे. कधी साठा संपतो, तेव्हा मला लोकांच्या तोंडाकडं बघवत नाही. मैलभर चालून आलेल्या म्हाताऱ्या माणसाला "पुढच्या आठवड्यात या" म्हणायचं म्हणजे त्याची गोळी आपणच सोडवल्यासारखं होतं. अशा वेळी मी औषधाचं नाव आणि ताकद मोठ्या अक्षरात लिहून देते आणि जनऔषधीत विचारायला सांगते.

टोळीवाल्या दादांना एकच विनंती. निघायच्या आधी आमच्याकडं या आणि जास्त दिवसांच्या गोळ्या मागा. साठा असेल तर देता येतात. शिवाय कारखान्याच्या भागातल्या सरकारी दवाखान्यातही गोळी मिळते, फक्त तुमच्याजवळ औषधाचं नाव पाहिजे.

आणखी एक. लेकुरवाळ्या वयाच्या बायकांनी दिवस राहायची शक्यता असेल तर ते आधी सांगावं. टेल्मिसार्टन, एनालाप्रिल, रॅमिप्रिल गरोदरपणात चालत नाहीत, गोळी बदलून घ्यावी लागते.

येसर_आमटी

ताईंचं वाचून बरं वाटलं. माझे सासरे आणि मालक दोघांनाही बीपी, म्हणून मिठाचा हिशोब माझ्याकडं आला.

जागतिक आरोग्य संघटना म्हणते माणशी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा, त्यात सगळं आलं. हे वाचून कळत नाही की आपल्या घरात किती जातं. मी सोपं केलं. आम्ही चार माणसं. चार गुणिले पाच गुणिले तीस, म्हणजे महिन्याला ६०० ग्रॅम. आमच्याकडं किलोची पुडी महिनाही पुरत नव्हती, आणि त्यात पापड-लोणचं-फरसाण धरलेलंच नव्हतं.

आपली ज्वारीची भाकरी बिनमिठाची, ही आपली मोठी जमेची बाजू. सगळं मीठ तिच्या सोबतीला येतं. ठेचा कुटताना खडेमीठ हातानं टाकायची सवय असते, वरून लोणच्याची फोड, शेंगदाण्याची चटणी, तळलेली कुरडई. उन्हाळी वाळवणात पापडखार असतो, त्यातही सोडियमच असतं, हे मला आहारतज्ज्ञ बाईंनी सांगितलं. ठेचा बंद करायचं म्हटलं असतं तर सासऱ्यांनी ताटच सरकवलं असतं. मी त्यात लसूण आणि कोथिंबीर वाढवली, शेवटी लिंबू पिळते, मीठ निम्म्यावर आणलं. वरणात, भाजीत दर आठवड्याला चिमूट-चिमूट कमी केलं. जिभेला दोन-तीन आठवड्यांत सवय होते. ताटात मीठ वाढणं बंद केलं आणि मिठाची बरणी पंगतीतून ओट्यावर नेली. आमटीचं येसर, म्हणजे भाजलेल्या डाळी-मसाल्यांचं पीठ, मात्र आहे, नुसतं मीठ घरचं आणि मोजून.

उपासाचं वेगळंच. आमच्या सासूबाईंची एकादशी कडक. "गोळी घेतली की उपास मोडतो" म्हणून त्या दिवशी गोळी नाही, आणि फराळाला साबुदाण्याचा खारा चिवडा, बटाट्याचे वेफर्स. श्रावणात तर आठवड्यातून किती वेळा. शेवटी गावात कीर्तनाला आलेल्या महाराजांनाच विचारलं. ते सगळ्यांसमोर म्हणाले, औषधानं उपास मोडत नाही. तेव्हापासून सासूबाई पाण्याच्या घोटाबरोबर गोळी घेतात. हे महाराजांच्या तोंडून गावागावात सांगितलं गेलं पाहिजे. पैठणहून नाथांच्या पालखीबरोबर चालत जाणाऱ्यांनाही कुणीतरी सांगावं, पिशवीत गोळ्या आधी ठेवा.

पूर्णाकाठ

आम्ही सैंधव वापरतो, ते चालतं ना? आणि दुकानात "कमी सोडियम" लिहिलेलं मीठ मिळतं, ते?

डॉ_गोदाकाठ

सैंधव हेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. रंग वेगळा, बीपीवर परिणाम तोच. तेही मोजूनच वापरायचं.

कमी सोडियमच्या मिठात काही भाग पोटॅशियम क्लोराइड असतो. त्याचा फायदा खरा आहे. चीनमध्ये ६०० खेड्यांतल्या सुमारे २१ हजार लोकांवर मोठा अभ्यास झाला, २०२१ मध्ये निष्कर्ष आले. आधी लकवा होऊन गेलेले किंवा साठीपुढचे बीपीवाले असे ते लोक होते, आणि असं मीठ खाणाऱ्यांत लकवा १४ टक्के कमी दिसला. पण मूत्रपिंडाचा आजार असेल, किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर पोटॅशियम वाढून हृदयाचा ठोका बिघडू शकतो. अशांनी रक्त तपासून, विचारूनच वापरावं. घरात एकच बरणी सगळ्यांसाठी असते, म्हणून घरात कुणाला मूत्रपिंडाचा त्रास आहे का ते आधी पाहा.

येसर_आमटी ताई, ६०० ग्रॅमचा हिशोब मी उद्यापासून माझ्या पेशंटना सांगणार.

मांजराकाठ

लातूरकडचा आहे. लकव्याच्या वेळी काय होतं ते लिहितो, कारण वेळेवर काय करायचं हे बहुतेकांना त्याच क्षणी शिकावं लागतं.

माझे चुलते, वय साठीच्या आत. बीपीची गोळी होती, उन्हाळ्यात बंद झालेली. सकाळी ओसरीवर चहा पीत होते, कप उजव्या हातातून निसटला. उचलायला वाकले तर हात वळेना. काकू म्हणाली काय झालं, तर तोंडातून नुसता गुंगुं आवाज. तोंड डावीकडं ओढलेलं. पाच मिनिटांत अंगणात वीस माणसं. एकानं नाकाला कांदा लावला. एक जण म्हणाला उन्हाचं झालं, पाणी पाजा. शेजारच्या गावात लकव्याचं औषध देणारा आहे, गाडी काढा, असं दोघं-तिघं म्हणायले. कबुतराचं रक्त चोळायचा सल्लाही आला. कबूतर कुठं मिळेल याची चौकशीसुद्धा सुरू झाली होती.

माझी चुलतबहीण नर्सिंगला आहे, त्या दिवशी नशिबानं घरी होती. तिनं कुणाचंही ऐकलं नाही. घड्याळ बघून पेनानं काकांच्या मनगटावर वेळ लिहिली, १०८ ला फोन लावला, पाण्याचा तांब्या हिसकावून घेतला आणि काकांना कुशीवर झोपवलं. जिथं सीटी स्कॅन आहे अशाच दवाखान्यात थेट नेलं. स्कॅन झाला, रक्ताची गाठ निघाली, रक्तस्राव नव्हता, गाठ विरघळवायचं इंजेक्शन मिळालं. काका आज काठी न घेता रानात जातात, बोलताना थोडं अडखळतात. त्याच वर्षी आमच्या भावकीतल्या दुसऱ्या एकाला आधी झाडपाल्याला नेलं होतं. दोन दिवसांनी दवाखान्यात आणलं. ते अजून अंथरुणात आहेत.

डॉ_गोदाकाठ

तुमच्या बहिणीनं जे केलं ते एकेक करून बरोबर होतं. कारणं लिहितो.

रक्त तुटल्यावर मेंदूच्या साधारण १९ लाख पेशी दर मिनिटाला मरतात. गाठ विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्यातही जितकं लवकर तितका फायदा जास्त. मोठी रक्तवाहिनी बंद असेल तर तारेनं गाठ बाहेर काढण्याची सोय मोठ्या शहरांत आहे. ती सहा तासांपर्यंत, निवडक पेशंटमध्ये २४ तासांपर्यंत करतात. म्हणून मनगटावर लिहिलेली वेळ फार मोलाची. झोपेतून उठल्यावर लकवा दिसला तर उठल्याची वेळ धरत नाहीत, माणूस शेवटचा ठीक कधी दिसला ती वेळ धरतात.

सीटी स्कॅन आधी, कारण गाठ आहे की रक्तस्राव हे बाहेरून कुणालाही, मलासुद्धा, ओळखता येत नाही. रक्तस्राव असेल आणि घरी अ‍ॅस्पिरिन दिली तर तो वाढतो. हृदयविकाराच्या झटक्यात अ‍ॅस्पिरिन देतात हे लोकांनी ऐकलेलं असतं, ते इथं लागू नाही. पाणी-चहा-गोळी काहीच तोंडानं नको, कारण गिळण्याची ताकद गेलेली असू शकते आणि ते छातीत जातं. त्या वेळी बीपी २०० दिसला म्हणून घरी गोळ्या कोंबू नका, जिभेखाली काही फोडू नका. एकदम खाली आणलेला बीपी मेंदूचा उरलेला पुरवठाही तोडतो. किती आणि कधी उतरवायचा ते दवाखान्यात ठरतं.

ओळखायचं कसं? हसायला सांगा, एक बाजू लोंबते का बघा. दोन्ही हात पुढं धरायला सांगा, एक खाली पडतो का. एखादं साधं वाक्य म्हणायला लावा, शब्द गोंधळतात का. अचानक एका डोळ्यानं दिसेनासं होणं, अचानक तोल जाणं, कधी न दुखलेलं भयंकर डोकं दुखणं हेही त्यातच. आणि दहा मिनिटांत सगळं पूर्ववत झालं तर सुटलो म्हणून घरी बसू नका. तो सौम्य झटका असतो, आणि खरा मोठा झटका येण्याचा धोका त्यापुढच्या दोन दिवसांत सगळ्यात जास्त असतो.

एक काम आजच करून ठेवा. तुमच्या गावापासून जवळ सीटी स्कॅन आणि हे इंजेक्शन दोन्ही रात्रीसुद्धा कुठं मिळतं ते फोन करून विचारा आणि नंबर भिंतीवर लिहा. आधी ज्या दवाखान्यात सीटी नाही तिथं, मग तालुक्याला, मग जिल्ह्याला, यातच वेळ संपतो.

खांदा_सांभाळा

मी फिजिओथेरपिस्ट. लकव्यानंतरचं थोडं लिहिते, कारण त्यावर बोलणं होत नाही.

पेशंटला उठवताना लुळ्या हाताला धरून ओढू नका. खांदा निखळतो, आणि ते दुखणं पुढं महिनोन् महिने व्यायाम करू देत नाही. काखेत आधार द्या किंवा कंबरेला धरा. दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीला जखमा होतात. बसवून, हनुवटी किंचित खाली घेऊन, लहान लहान घास द्या, आणि पहिला घास दवाखान्यात गिळणं तपासल्यावरच. लुळ्या बाजूला गरम शेक देताना फार जपा, तिथं चटका कळत नाही. बोलता येत नाही म्हणजे समजत नाही असं नाही. खाटेपाशी बसून "आता काय उरलंय याच्यात" असं बोलणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि पेशंटच्या डोळ्यांतून पाणी येताना पाहिलंय. कृपा करून असं बोलू नका. मन खचणं हाही लकव्यानंतरच्या आजाराचाच भाग आहे, त्यावर औषध आहे.

सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत भराभर होते, पण त्यानंतर थांबते हे खरं नाही. व्यायाम सोडू नका. आणि मूळ विषयाकडं येते. लकवा झाल्यावर मालिश, तेल, व्यायाम सगळं चालू असतं, बीपीची गोळी बंद असते. दुसरा झटका बऱ्याचदा असाच येतो. २००१ मध्ये आलेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात लकवा होऊन गेलेल्यांना बीपीची औषधं दिल्यावर पुन्हा लकवा होण्याचं प्रमाण २८ टक्क्यांनी घटलं होतं.

पूर्णाकाठ

मांजराकाठ यांनी लिहिलं की काकांची गोळी उन्हाळ्यात बंद झाली होती. आमच्याकडंही हेच. एप्रिल-मेमध्ये वडिलांना घेरी येते, मग ते म्हणतात गोळी गरम पडते, आणि पाऊस पडेपर्यंत बंद.

डॉ_गोदाकाठ

घेरी खरी असू शकते. कडक उन्हात रक्तवाहिन्या सैल होतात, घामानं पाणी-क्षार जातात, बीपी थोडा उतरतो. लघवी वाढवणारी गोळी, म्हणजे क्लोरथॅलिडोन किंवा हायड्रोक्लोरोथायझाइड, चालू असेल तर जास्तच. पण उपाय गोळी टाकणं हा नाही. घेरी येते तेव्हाच बीपी मोजा, बसून आणि मग उभं राहून एक-दोन मिनिटांनी. ते आकडे घेऊन या, डोस कमी करू किंवा गोळी बदलू. थंडी सुरू झाली की तोच बीपी परत वर जातो, तेव्हा डोस पुन्हा पाहावा लागतो. अ‍ॅम्लोडिपीननं घोट्याला सूज येते तेही असंच. अपाय नाही, पण त्रास असेल तर सांगा, पर्याय आहे. रॅमिप्रिल-एनालाप्रिलनं कोरडा खोकला येतो, त्यालाही पर्याय आहे.

बालाघाटी

सगळ्यांचे आभार. यातून मी माझ्या दुकानात काय बदलणार ते लिहितो. बीपीची पट्टी कापून देताना औषधाचं नाव, ताकद आणि वेळ पुठ्ठ्यावर मराठीत लिहून सोबत देणार. दोन पट्ट्या घेऊन येणाऱ्याला दोन्हींतलं औषध वाचून दाखवणार. सारखी दुखण्याची गोळी मागणाऱ्याला बीपी आहे का विचारणार. आणि दसऱ्याच्या आधी दुकानाबाहेर फलक, "टोळीला निघताय? बीपीची गोळी घेतली का?" बाकीच्या मेडिकलवाल्यांनाही व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतोय.

फडकरी

दादा, पुठ्ठ्याचं लई भारी. मी चिठ्ठीचा फोटो काढून बायकोच्या अन् माझ्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवलाय, एक पट्टी चहाच्या डब्यात. आमच्या मुकादमाला पण सांगितलं की निघायच्या आधी सगळ्या टोळीचा बीपी मोजून घेऊ, चाळीस माणसं होतील. आमच्या गावच्या उपकेंद्रात एवढी माणसं एकदम चालतील का?

उपकेंद्रावरची_ताई

चालतील, पण आदल्या दिवशी तुमच्या आशाताईंना सांगून ठेवा, म्हणजे तिथल्या सीएचओ रजिस्टर आणि पट्ट्या तयार ठेवतील. दहा-दहाच्या गटानं सकाळी पाठवा, प्रत्येकाला पाच मिनिटं बसवावं लागतं. आधार कार्ड आणा, जुनी चिठ्ठी असेल तर ती आणा. तंबाखू-मिशरी मोजून झाल्यावर. ज्यांचा आकडा १४०/९० च्या वर येईल त्यांना दुसऱ्या दिवशी परत यावं लागेल, म्हणून निघायच्या अगदी आदल्या दिवशी नको, आठ-दहा दिवस आधी या. आणि बायकांनाही आणा.